पाच गीगाबिट जातात कुठे?

पोर्टेबल हार्ड डिस्कच्या खोक्यावर ‘यूएसबी ३.०’ आणि त्याखाली ‘५ जीबीपीएसपर्यंत’ असं छापलेलं असतं. ती लॅपटॉपला लावायची, घरचे व्हिडिओ, जुने फोटो, ऑफिसच्या फाइली असं सगळं एकदम कॉपीला टाकायचं, की स्क्रीनवर सुरुवातीला सेकंदाला १२० एमबी असा आकडा दिसतो. थोड्या वेळाने तो ८० वर येतो. फोटोंचा फोल्डर लागला की ५-६ वर घसरतो आणि अधूनमधून काही क्षण चक्क शून्य होतो. पहिला संशय डिस्कवर जातो. माल नकली निघाला, नाहीतर दुकानदाराने फसवलं! बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. डिस्क धडधाकट असते आणि खोक्यावरचा आकडाही खोटा नसतो. पण तो डिस्कच्या वेगाचा आकडाच नव्हे. डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट जाऊ शकतात, एवढंच तो सांगतो. त्या जोडणीच्या पलीकडे बसलेली डिस्क तेवढं लिहू शकते की नाही, याबद्दल तो काहीही बोलत नाही.

हे नीट समजून घेणं मला महत्त्वाचं वाटतं. या गोंधळापायी लोक चांगल्या डिस्क अडगळीत टाकतात, गरज नसताना महागड्या घेतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘फार वेळ लागतो’ म्हणून बॅकअप घेणंच सोडून देतात.

आधी आकड्याचा हिशेब करू. जीबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके गीगाबिट. फाइलचा आकार मात्र आपण बाइटमध्ये मोजतो आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणजे ५ गीगाबिटचे झाले सेकंदाला ६२५ एमबी. तेही सगळे आपल्या वाट्याला येत नाहीत. तारेतून बिट पाठवताना सलग खूप सारे शून्य किंवा सलग खूप सारे एक गेले, तर पलीकडच्या चिपला एक बिट कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे ओळखणं अवघड होतं, कारण ठोके मोजायला वेगळी तार नसते. येणाऱ्या संकेतांच्या चढउतारावरूनच ती चिप ताल धरते. म्हणून दर ८ बिटांऐवजी मुद्दाम १० बिट पाठवले जातात आणि त्यांची रचना अशी निवडलेली असते की चढउतार पुरेसे होत राहतील. ही पद्धत आयबीएमच्या अ‍ॅल विडमर आणि पीटर फ्रॅनाझेक यांनी १९८३ मध्ये मांडली. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० ने तीच घेतली. तिचा परिणाम असा की तारेतून जाणाऱ्या दर दहा बिटांपैकी दोन तारेच्याच कामी येतात. ६२५ चे राहिले ५००.

या ५०० मधून आणखी वजावट होते. डेटा जास्तीत जास्त १०२४ बाइटच्या पाकिटांत जातो, प्रत्येक पाकिटाला पुढे-मागे पत्ता आणि चूक पकडण्याची संख्या जोडलेली असते, पाकीट पोचल्याची पावती परत यावी लागते, मधल्या काळात ‘आता पाठव’, ‘जरा थांब’ अशी बोलणी चालू असतात. सगळं उत्तम जुळून आलं, पलीकडे वेगवान एसएसडी असली, तर प्रत्यक्षात हाती लागतात सेकंदाला ४०० ते ४५० एमबी. ५ जीबीपीएसच्या पोर्टाकडून याहून जास्त अपेक्षा करू नये. पुढच्या पिढीच्या १० जीबीपीएस जोडणीत ही वजावट बरीच कमी केलेली आहे. तिथे १२८ बिटांमागे फक्त ४ जादा बिट जातात. त्यामुळे १२५० पैकी साधारण १२१२ एमबी उरतात आणि प्रत्यक्षात हजाराच्या आसपास मिळतात. चांगल्या पोर्टेबल एसएसडीच्या खोक्यावर सेकंदाला १०५० एमबी हा आकडा वारंवार दिसतो तो यामुळेच. हार्ड डिस्कवाले जोडणीचा आकडा छापतात, एसएसडीवाले निदान प्रत्यक्ष मोजलेला छापतात, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

एक छोटी बाब जाता जाता. खोक्यावरचा एमबी दहा लाख बाइटचा असतो. विंडोज १०,४८,५७६ बाइटचा एमबी धरून दाखवतं. म्हणून १०५० चा वेग विंडोजमध्ये १००० च्या आसपास दिसतो आणि १ टीबीची डिस्क ९३१ जीबीची दिसते. यात कुणी काही चोरलेलं नाही.

आता प्लगकडे वळू, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच सापडतं असं माझं मत आहे. यूएसबी ३.० चा चौकोनी, बहुधा निळ्या जिभेचा प्लग हातात घ्या आणि मोबाइलचा टॉर्च मारून आत पाहा. पुढच्या बाजूला चार रुंद सोनेरी पट्ट्या दिसतील. त्या यूएसबी २.० च्या काळापासूनच्या आहेत. दोन विजेसाठी आणि दोन डेटासाठी. त्यांच्या मागे, आतल्या अंगाला, पाच बारीक संपर्क दिसतील. ५ जीबीपीएसचा सगळा कारभार या मागच्या पाचांवर चालतो. ते पोर्टमधल्या त्यांच्या जोडीदारांना नीट टेकले नाहीत, त्यांत धूळ किंवा गंज असला, प्लग अर्धवट बसला, किंवा अगदी सावकाश सरकवत घातला, तरी पुढचे चार जुळलेले असल्यामुळे डिस्क चालू होते. चालते ती यूएसबी २.० म्हणून. ते मानक २००० सालचं आहे आणि त्याची कमाल ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावर ६० एमबी. हाती येतात सेकंदाला ३० ते ४०. कॉम्प्युटर बहुतेक वेळा याबद्दल अवाक्षरही काढत नाही. म्हणून वेग बरोबर ३५-४० च्या घरात अडकलेला दिसला, मोठी फाइल असो की लहान, तर प्लग काढून एका झटक्यात पुन्हा नीट घाला. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं.

पोर्टेबल हार्ड डिस्कच्या बाजूचा तो रुंद, दोन भागांचा प्लगही असाच पाहण्यासारखा आहे. त्याचा मोठा भाग म्हणजे जुन्या मोबाइल चार्जरची मायक्रो यूएसबी पिन. मूळ केबल हरवली की घरातली जुनी चार्जिंग केबल त्या मोठ्या भागात बसते, डिस्क सुरूही होते आणि वेग मात्र यूएसबी २.० चा मिळतो. टाइप-सीने हा गोंधळ मिटेल असं वाटलं होतं, तो उलट वाढला. २०१४ साली आलेल्या या पिनमध्ये २४ संपर्क असतात, पण केबलमध्ये सगळ्यांसाठी तारा घातलेल्याच असतात असं नाही. चार्जिंगसाठी मिळणाऱ्या बहुसंख्य टाइप-सी केबलमध्ये वीज आणि यूएसबी २.० एवढ्याच तारा असतात. बाहेरून दोन्ही केबल सारख्याच. आयफोन १५ प्रो २०२३ मध्ये आला तेव्हा त्याच्या पोर्टची क्षमता १० जीबीपीएस होती, आणि खोक्यातली केबल यूएसबी २.० ची. जास्त वेगाची केबल वेगळी विकत घ्यावी लागत होती. इतका महाग फोन घेणाऱ्याला हे कुठल्याशा बारीक ओळीत शोधावं लागावं, हे मला पटत नाही.

नावांनी आणखी भर घातली. २००८ मध्ये ज्याला यूएसबी ३.० म्हणत, त्याच ५ जीबीपीएसला २०१३ मध्ये ३.१ जेन १ म्हणायला लागले आणि २०१७ मध्ये ३.२ जेन १. वेग तोच, चिप तीच, नावं तीन. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात नुसतं ‘यूएसबी ३.२’ लिहिलेलं असलं तर तो पोर्ट ५, १० की २० जीबीपीएसचा, हे कळायला काहीही मार्ग उरत नाही. त्यात २० जीबीपीएसच्या ड्राइव्हसाठी पोर्टालाही नेमका तोच प्रकार यावा लागतो. अ‍ॅपलच्या अनेक मॅकवर असा ड्राइव्ह लावला तर तो निमूटपणे १० वर उतरतो. सेकंदाला २००० एमबीचे पैसे मोजून १००० मिळतात आणि ड्राइव्हमध्ये काहीही दोष नसतो. २०२२ पासून मानक ठरवणाऱ्या संस्थेने खोक्यावर सरळ ‘यूएसबी ५ जीबीपीएस’, ‘यूएसबी १० जीबीपीएस’ असं लिहायला सांगितलं आहे. चांगलं झालं, पण जुनी नावं अजून बाजारभर पसरलेली आहेत.

जोडणी निर्दोष आहे असं धरू. तरीही हार्ड डिस्क १३०-१४० च्या वर जात नाही, कारण हार्ड डिस्क हे शेवटी फिरणारं यंत्र आहे. पोर्टेबल डिस्कमधली तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेरीत डोक्याखालून जेवढा डेटा सरकतो त्याच्या नव्वदपट, हा तिचा वरचा वेग. तबकडीच्या बाहेरच्या कडेला वर्तुळ मोठं असतं, तिथे एका फेरीत जास्त डेटा मावतो. आतल्या कडेला कमी. डिस्क बाहेरून आत भरत जाते. त्यामुळे नवी असताना १३० देणारी डिस्क जवळजवळ पूर्ण भरत आली की तोच व्हिडिओ लिहायला साधारण दुप्पट वेळ घेते. ‘पूर्वी फास्ट होती, आता स्लो झाली’ ही तक्रार पुष्कळ वेळा एवढीच असते.

खरी मेख लहान फाइलींत आहे. डोकं एका जागेवरून दुसरीकडे न्यायला दहा-बारा मिलिसेकंद लागतात. तिथे पोचल्यावर हवा तो भाग फिरून खाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावं लागतं. दोन्ही मिळून सतराच्या आसपास. म्हणजे सेकंदाला असे साठेक प्रवास. दर प्रवासात ४ केबीचा तुकडा उचलायचा असेल, तर वेग झाला सेकंदाला २४० केबी. ५ जीबीपीएस छापलेल्या डिस्कचा हा वेग आहे, आणि त्यात तिची काही चूक नाही.

आता फाइल कॉपी करणं म्हणजे नुसता तिचा मजकूर लिहिणं नव्हे. नव्या फाइलीचं नाव फोल्डरच्या यादीत चढवावं लागतं, कोणती जागा वापरली गेली याचा नकाशा बदलावा लागतो, तारीख-वेळ नोंदवावी लागते. एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीत, मध्येच वीज गेली तर गोंधळ होऊ नये म्हणून, या बदलांची नोंद आधी एका वेगळ्या रोजकीर्दीतही केली जाते. या सगळ्या नोंदी तबकडीवर वेगवेगळ्या ठिकाणी असतात. समजा १ जीबीचा एकच व्हिडिओ आहे. १३० च्या वेगाने तो आठ सेकंदांत जातो. तेवढाच १ जीबी १०० केबीच्या दहा हजार फोटोंचा असला आणि प्रत्येक फोटोमागे डोक्याला असे फक्त दोन जादा प्रवास करावे लागले, तरी दर फोटोला ३४ मिलिसेकंद, म्हणजे एकूण ३४० सेकंद वाढले. आठ सेकंदांचं काम पावणेसहा मिनिटांवर गेलं. त्यात विंडोजचं अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून तपासतं, तो वेळ निराळा. व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डर कॉपी करताना आकडा एक-दोन एमबीवर का रेंगाळतो, याचं उत्तर हे आहे. डेटा थोडा असतो, कारकुनी प्रचंड असते.

यावर उपाय सोपा आहे आणि तो फारसा कुणी करत नाही. फोल्डर कॉपी करण्याआधी लॅपटॉपच्याच आतल्या ड्राइव्हवर त्याची झिप फाइल करायची आणि ती एक मोठी फाइल बाहेरच्या डिस्कवर टाकायची. फोटो झिप केल्याने जागा वाचत नाही, कारण जेपीजी आधीच दाबलेले असतात; म्हणून झिप करताना न दाबता नुसतं एकत्र बांधण्याचा पर्याय निवडला की तोही वेळ वाचतो. वर्षानुवर्षांचे फोटो ठेवून द्यायचे असतील तर वर्षागणिक एक झिप सोयीची पडते.

हार्ड डिस्कची आणखी एक जात आहे, तिच्याबद्दल ग्राहकाला सांगितलं जायला हवं होतं आणि ते सांगितलं गेलं नाही. एकाच तबकडीवर जास्त डेटा मावावा म्हणून डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहायचे, ही ती युक्ती. वाचायला अडचण येत नाही, कारण वाचणारं डोकं अरुंद असतं आणि उघड्या राहिलेल्या कडेवरून त्याला वाचता येतं. लिहिणारं डोकं रुंद असतं. मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली पुढची कौलंही काढून पुन्हा बसवावी लागतात, तसं मधला एक पट्टा बदलायचा तर त्या गटातले पुढचे सगळे पट्टे वाचून नव्याने लिहावे लागतात. हा त्रास लपावा म्हणून डिस्क आलेला डेटा आधी एका राखीव पट्ट्यात घाईघाईने उतरवून घेते आणि रिकामा वेळ मिळाला की जागच्या जागी लावते. थोडा डेटा टाकला तर काही कळत नाही. दोन-तीनशे जीबी एकदम टाकले की राखीव जागा भरते. मग डिस्कला नवं घेणं आणि जुनं लावणं दोन्ही एकाच वेळी करावं लागतं, आणि वेग एकदम कोसळतो. २०२० मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा या तिन्ही कंपन्यांनी आपल्या काही डिस्क या पद्धतीच्या आहेत हे ग्राहकांना न सांगताच विकल्या होत्या. त्यात चोवीस तास चालणाऱ्या घरगुती सर्व्हरसाठी म्हणून विकलेल्या डिस्कही होत्या. ओरड झाल्यावर कंपन्यांनी याद्या जाहीर केल्या. १ टीबी किंवा त्याहून मोठी पोर्टेबल हार्ड डिस्क घेताना ती या जातीची असेल असं धरूनच चालावं. बॅकअप एकदा टाकून ठेवण्यासाठी ती वाईट नाही. रोज शेकडो फाइली बदलणाऱ्या कामासाठी नको.

एसएसडीत फिरणारं काही नाही, डोकं नाही, मग तिथे तरी छापलेला वेग मिळावा. सुरुवातीला मिळतोही. एसएसडीच्या एका पेशीत किती बिट साठवायचे हे बनवणाऱ्याच्या हाती असतं. एक बिट साठवायचा तर विद्युतभाराच्या दोन पातळ्या ओळखता आल्या की पुरतं. तीन बिटांना आठ पातळ्या लागतात, चार बिटांना सोळा. पातळ्या जितक्या बारीक, तितकं जपून आणि पुन्हा पुन्हा तपासत लिहावं लागतं, म्हणजे तितकं सावकाश. पण चार बिटांची एसएसडी स्वस्त पडते. मग कंपन्या काय करतात, तर मोकळ्या जागेचा काही भाग तात्पुरता एक-बिटी म्हणून वापरतात. आलेला डेटा तिथे झपाट्याने घेतात आणि नंतर सावकाश चार-बिटी करून रचतात. खोक्यावरचा वेग या तात्पुरत्या भागाचा असतो.

सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या एसएसडीचं उदाहरण घेतो. केसिंगमध्ये घालून बाहेरचा ड्राइव्ह म्हणूनही अशा अडीच इंची एसएसडी वापरल्या जातात. आणि हेच उदाहरण घेण्याचं कारण असं की कंपनीने स्वतःच्या माहितीपत्रकात दोन्ही आकडे दिले आहेत, याचं श्रेय तिला द्यायला हवं. लिहिण्याचा वेग सेकंदाला ५३० एमबी. १ टीबीच्या मॉडेलमध्ये हा वेग जास्तीत जास्त ४२ जीबीपर्यंत टिकतो. त्यानंतर ८०. हिशेब करून पाहा. २०० जीबी टाकायचे आहेत. छापील वेगाने सहा मिनिटं आणि वर थोडे सेकंद लागायला हवेत. प्रत्यक्षात पहिले ४२ जीबी ८० सेकंदांत जातात आणि उरलेल्या १५८ जीबींना तेहतीस मिनिटं लागतात. त्या तेहतीस मिनिटांत ही एसएसडी साध्या हार्ड डिस्कपेक्षाही हळू चालत असते. शिवाय ४२ पैकी ६ जीबीच कायमचे राखीव आहेत. बाकीचा भाग मोकळ्या जागेतून घेतलेला असल्यामुळे ड्राइव्ह भरत गेला की तो आकसतो. फोटो-व्हिडिओचे पाच-दहा जीबी अधूनमधून टाकणाऱ्याला याची झळ कधीच लागणार नाही. लग्नसराईत एका दिवसाचं दोन-तीन कॅमेऱ्यांचं चित्रीकरण रात्री ड्राइव्हवर उतरवून घ्यायचं असणाऱ्या व्हिडिओग्राफरला मात्र ती पहिल्याच रात्री लागते. त्याने तीन-बिटी एसएसडीच घ्यावी आणि थोडे जास्त पैसे मोजावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

उष्णतेचाही वाटा असतो. १० किंवा २० जीबीपीएसने सलग लिहिताना बोटभर लांबीच्या त्या पेटीतली चिप तापते आणि ठरावीक तापमानाच्या वर गेली की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करते. विदर्भातल्या मे महिन्यात, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, गादीवर ठेवलेला ड्राइव्ह हे फार लवकर करतो. टेबलावर, शक्यतो धातूच्या पृष्ठभागावर ठेवला तरी फरक पडतो.

ड्राइव्ह आणि कॉम्प्युटर कोणत्या रीतीने बोलतात, त्यावरही बरंच ठरतं. जुन्या रीतीत एक आज्ञा द्यायची, ती पुरी होऊन उत्तर येईपर्यंत थांबायचं, मग दुसरी. नवी रीत यूएएसपी नावाची आहे. तीत अनेक आज्ञा एकदम रांगेत लावता येतात आणि एसएसडीला त्याचा मोठा फायदा होतो. विंडोज ८ पासून ती विंडोजमध्ये आहे, पण केसिंगमधल्या चिपलाही ती यायला हवी. स्वस्तातली केसिंग घेताना हीच गोष्ट विचारून घ्यावी. एकाच हबवर डिस्क, पेन ड्राइव्ह आणि वेबकॅम लावले तर तिघांना एकाच जोडणीत भागवावं लागतं. मोबाइलमधून थेट केबलने फोटो घेताना तर ड्राइव्हचा संबंधच येत नाही. बहुतेक मध्यम किमतीच्या फोनचं पोर्ट यूएसबी २.० चं असतं आणि फोन फाइली देतो तेही एकेक करून.

पेन ड्राइव्हबद्दल थोडक्यात. खोक्यावरचा १०० किंवा १५० हा वाचण्याचा वेग असतो. लिहिण्याचा वेग बहुतेक वेळा छापलेलाच नसतो, आणि स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये तो दहा-वीसच्या घरात असणं अगदी नेहमीचं आहे.

कॅमेऱ्याच्या एसडी कार्डाकडे पाहिलं की मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण जे बाकी सगळ्यांना अशक्य वाटतं ते त्या धंद्याने कधीच करून दाखवलं आहे. एसडी कार्डावरही ‘१७० एमबीपर्यंत’ असा मोठा आकडा असतो, पण शेजारी एक छोटी खूण असते. वर्तुळातला १० म्हणजे लिहिण्याचा वेग सेकंदाला १० एमबीच्या खाली जाणार नाही. व्ही ३० म्हणजे ३० च्या खाली नाही, व्ही ९० म्हणजे ९० च्या खाली नाही. व्हिडिओसाठीची ही व्ही-मालिका एसडी असोसिएशनने २०१६ मध्ये आणली, कारण चित्रीकरण चालू असताना वेग पडला तर फ्रेम गळतात आणि तो क्षण परत मिळत नाही. कॅमेऱ्यावाल्यांना ‘जास्तीत जास्त किती’ याचा काही उपयोग नव्हता. ‘कमीत कमी किती’ हे त्यांना हवं होतं आणि त्यांनी ते मिळवलं. पोर्टेबल एसएसडी, हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह यांच्यावर अशी खूण का नसावी? तंत्राची अडचण नाही. सॅमसंगला ८० हा आकडा माहितीपत्रकात देता येतो, तर खोक्यावरही देता येईल.

आपल्याकडे कायदाही या बाजूने उभा करता येईल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरातीच्या व्याख्येत मालाचं लेबल आणि वेष्टनही धरलेलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत असं म्हटलं आहे की मूळ दाव्याबद्दलची महत्त्वाची माहिती खुलाशाच्या ओळीत लपवता कामा नये, आणि खुलाशाची अक्षरं दाव्याच्याच ठशातली असावीत. खोक्याच्या पाठीमागे बारीक अक्षरांत ‘वापराच्या परिस्थितीनुसार वेग बदलू शकतो’ असं लिहिलेलं असतं ते या कसोटीवर घासून पाहण्यासारखं आहे. ग्राहक संघटनांनी हा विषय हाती घ्यावा असं मला मनापासून वाटतं. दूध आणि तेलाच्या मापात त्यांनी जेवढं लक्ष घातलं, तेवढंच इथेही घालायला हवं. माणसांची आयुष्यभराची छायाचित्रं या डिस्कवर असतात.

तोवर आपण काय करायचं? नवा ड्राइव्ह आणला की त्याच दिवशी, परत करण्याची मुदत असेपर्यंत, तो नीट तपासून घ्यायचा. आधी जोडणी बघायची. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीखाली ड्राइव्हच्या नावापुढे वेग लिहिलेला असतो. तिथे ४८० मेगाबिट दिसले तर दोष केबलचा, पोर्टाचा किंवा प्लगचा. विंडोजवर दुसरी केबल आणि दुसरा पोर्ट लावून पाहणं हाच सरळ मार्ग. मग एक मोठी फाइल घ्यायची. ती लॅपटॉपच्या एसएसडीवरून कॉपी करायची, जुन्या हार्ड डिस्कवरून नव्हे, नाहीतर मोजला जाईल तो जुन्या डिस्कचा वेग. मोठी म्हणजे शंभर जीबी तरी. इतकी मोठी फाइल नसेल तर वीस जीबीच्या पाच प्रती एकापाठोपाठ टाकाव्यात. पहिल्या मिनिटाचा आकडा मनावर घ्यायचा नाही. पंधरा-वीस मिनिटांनी तो जिथे स्थिरावलेला दिसेल, तो कागदावर लिहून ड्राइव्हच्या पाठीला चिकटवून ठेवायचा. पुढे कधी बॅकअपला किती वेळ लागेल हे काढायचं असेल, तर भागाकार या आकड्याने करायचा.

आणि कॉपीची खिडकी बंद झाली म्हणून केबल लगेच उपसू नये. ऑक्टोबर २०१८ नंतरच्या विंडोजमध्ये बाहेरच्या ड्राइव्हसाठी लिहिणं उधार न ठेवण्याची पद्धत मुळातच लागू असते; त्यामुळे वेग थोडा कमी होतो पण डेटा सुरक्षित राहतो. लिनक्सवर मात्र डेटा आधी मेमरीत जातो, कॉपी ‘पूर्ण’ झाल्याचं दिसतं आणि ड्राइव्हवर उतरणं मागून चालूच असतं. इजेक्ट करताना दोन मिनिटं लागली तर ती त्या राहिलेल्या डेटाची असतात. ती लागू द्यावीत.